अठरा सेकंद, सदुसष्ट दिवस

९ जानेवारी

दादा,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. मेलना उत्तर देत नाहीस. पत्र मात्र अडवता येत नाही, पोस्टमन ते टाकतोच. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढ्या भरवशावर लिहिते आहे.

सोबत संमतीपत्र आहे. दोन पानं, मागे सोसायटीचा आराखडा. शेवटी पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही कर आणि परत पाठव. बाकी काही लिहू नकोस. नाहीतरी तू लिहिणार नाहीसच.

कशासाठी ते सांगते, म्हणजे रविवारी आईशी बोलताना "मला कोणी नीट सांगितलंच नाही" म्हणायला नको. आई राहते त्या इमारतीचा तळमजला म्हणजे नुसते खांब. वर चार मजले भिंतींनी भरलेले, जड आणि ताठ. खाली गाड्या लावायला सगळं मोकळं. जमीन आडवी हलली की वरचे चारही मजले एका गठ्ठ्यासारखे हलणार आणि सगळा ताण त्या खांबांवर येणार. हे मी कोणाला शिकवते आहे? परक्या देशात, भूकंपाचा धक्का गिळणाऱ्या रबराच्या गाद्यांवर इस्पितळं उभी करणाऱ्या माणसाला. तुझ्या इस्पितळातले रोगी सुखात झोपत असतील. तुझी आई खांबांवर झोपते.

गेल्या वर्षभरात घरापासून तीसेक किलोमीटरवर लहान धक्क्यांचा पुंजका दिसतो आहे. एकशे बारा नोंदी. बहुतेक धक्के माणसांना कळलेही नाहीत, फक्त वेधशाळेतल्या माझ्या यंत्रांना कळले. मोठा येईल का? माहीत नाही. कधी? ते सांगणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. म्हणून तर घाई.

सोसायटीने अखेर तळमजल्याला तिरके लोखंडी आधार घालायचं ठरवलं आहे. वर्षभर मी डोकेफोड केली तेव्हा कुठे. वीस घरांपैकी एकोणीस घरांच्या सह्या झाल्या. अडलं आहे ते आपल्याच घरापाशी. बाबांच्या मागे घर तिघांच्या नावावर आहे आणि तिसरा तू आहेस.

तुझी बहीण
(कागदोपत्री आहे, म्हणून लिहिलं.)

२ फेब्रुवारी

दादा,

आईला तू म्हणालास, "बघतो." काय बघतोस? फुली दिसली नाही का? पुढच्या वेळी लाल पेन्सिल वापरते.

परवा इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांना बोलावलं आणि भूकंप म्हणजे काय ते सांगितलं. पंधराएक माणसं आली, त्यातली चार चहासाठी. मी सांगितलं की आपल्या खाली जमिनीचे दोन भले मोठे तुकडे एकमेकांना घासत सरकताहेत, आपली नखं वाढतात त्या वेगाने. पण कडा खडबडीत आहेत, त्या एकमेकींत अडकतात. कडा जागच्या जागी, मागचा भाग मात्र सरकतोच आहे. वर्षानुवर्षं खडक वाकतो, ताणला जातो, आणि एक दिवस अडकलेली जागा सुटते. शेकडो वर्षांचं सरकणं मिनिटभरात उरकतं.

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे आमच्या घरासारखंच. बायको महिनाभर काही बोलत नाही आणि मग एकदम." सगळे हसले. मीही हसले. मग मला तुझी आठवण आली आणि हसू गेलं.

एकाने विचारलं, पाच आणि सहा यांत एकाचाच तर फरक आहे, एवढं काय घाबरायचं? मी सांगितलं, मोजपट्टीवर एक पायरी चढली की बाहेर पडणारी ताकद बत्तीस पट होते. आणि तो आकडा भूकंपाचा, तुमच्या घराचा नव्हे. दिवा एकच असतो. जवळ बसलेल्याला लख्ख उजेड, कोपऱ्यातल्याला अंधुक. आपल्या दारात काय होईल ते अंतरावर, खालच्या मातीवर आणि इमारतीवर ठरतं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत.

तिसरी तुझ्या हातात आहे, आणि तो हात तू खिशात घालून बसला आहेस.

सहा वर्षं झाली. बाबा जिन्यात पडून गेले, ते दुःख काय तुझं एकट्याचं होतं? इस्पितळाच्या व्हरांड्यात तू मला एक प्रश्न विचारलास, मी त्याचं उत्तर दिलं, आणि तू पाठ फिरवून जो गेलास तो गेलासच. माझ्यावर रागाव. त्यासाठी आईला कशाला टांगून ठेवतोस?

बहीण

२१ फेब्रुवारी

दादा,

हे आई सांगते आहे, मी फक्त लिहिते आहे. एक शब्द बदलायचा नाही अशी तंबी आहे.

"बाळा, तुझ्या बहिणीनं माझ्या घराची कोठी करून टाकली आहे. कपाटं भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडली. वरच्या फळीवरची सगळी जड भांडी खाली आणली. आता प्रत्येक पातेल्यासाठी वाकावं लागतं. हिचा भूकंप येईल तेव्हा येईल, माझ्या गुडघ्यांना रोज येतो. पलंगाखाली चपला ठेवल्या आहेत, काचा पडल्या तर पायात घालायला. दाराशी पिशवी आहे, तिच्यात पाणी, औषधं, टॉर्च, शिट्टी. मी म्हटलं शिट्टी कशाला, मी काय रेफरी आहे? म्हणे, ढिगाऱ्याखालून ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवता येते. ही असलं बोलते आणि वर म्हणते, घाबरू नकोस.

"रोज सकाळी कवायत. ही म्हणते 'हललं!' की मी जेवणाच्या टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरायचा. बाहेर पळायचं नाही. जिन्यात तर मुळीच जायचं नाही. जिन्याचं नाव काढलं की हिचा आवाज कसा होतो, तू ऐकायला हवंस.

"तुमचं काय बिनसलं ते मला दोघंही सांगत नाही. मी मूर्ख आहे असं दोघांना वाटतं, त्यात तरी तुमचं एकमत आहे. सही करायची असेल तर कर. नसेल करायची तर का नाही ते सांग. 'बघतो' हे उत्तर तुझे बाबा द्यायचे, आणि मग काहीच बघायचे नाहीत. जेवण वेळेवर घे."

शब्द बदलला नाही. तूही आता एक शब्द लिही. दोन अक्षरांपेक्षा मोठा नाही. हो किंवा नाही, कोणताही चालेल.

बहीण

१४ मार्च

दादा,

काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चार पूर्णांक सातचा झाला. पुंजक्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा. बातमीत पाहिलं असशील. आई टेबलाखाली बसली, हलणं थांबल्यावर बाहेर आली, गॅस बंद केला, मग मला फोन केला. म्हणाली, "तुझी कवायत पास झाले." तळमजल्याच्या दोन खांबांना केसाएवढ्या चिरा गेल्या आहेत. फोटो पाठवते आहे. चिरेशेजारी नाणं धरलं आहे, म्हणजे चिरेची रुंदी कळेल. तुझ्याच धंद्याची पद्धत.

ती बातमी झाली. आता दुसरं. हे पत्र मी वेधशाळेत बसून लिहिते आहे. घरी लिहिता येणार नाही.

काल पडद्यावर रेघ उठली तेव्हा माझा हात फोनकडे गेला. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसून राहिले. बाजूच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "थंडी वाजते का?" मी हो म्हटलं. मला खोटं पटकन बोलता येतं, हे तुला माहीत आहे.

तू व्हरांड्यात विचारलंस, "तू घरी फोन केला होतास?" मी म्हटलं, "नाही."

केला होता.

बाबा गेले त्या दिवशी मी डोंगरातल्या भूकंपनोंदणी केंद्रावर होते. केंद्र अगदी भूकंपाच्या उगमाशी, घर तिथून एकशे सत्तर किलोमीटर. जमिनीतून दोन लाटा निघतात. पहिली वेगाची, नुसती ढकलणारी. दुसरी सावकाश येणारी, आडवं हलवणारी, घरं पाडते ती. माझ्या इथे दोन्ही लागोपाठ आल्या. पायाखालची फरशी हलत होती आणि माझ्या डोक्यात हिशेब चालू होता, की दुसरी लाट घरी पोचायला पाऊण मिनिटाहून जास्त लागेल. फोन लाटेपेक्षा वेगवान. वीस वर्षं हेच शिकले होते. मला वाटलं, मी लाटेला हरवीन.

बाबांनी दुसऱ्या घंटेला फोन उचलला. आई भाजी आणायला गेली होती. मी ओरडले, "बाबा, भूकंप येतोय, बाहेर पळा!"

तेव्हा अठरा सेकंद उरले होते. नंतर मी तो हिशेब इतक्या वेळा केला आहे की आता कागद लागत नाही. अठरा सेकंदांत माणूस टेबलाखाली आरामात जाऊन बसतो. सत्तरीचा माणूस तिसऱ्या मजल्यावरून बाहेर पडू शकत नाही. लाट आली तेव्हा ते जिन्यात होते, मधल्या पायरीवर, एका हातात घराची किल्ली. कुलूप लावायलाही थांबले असतील, तू त्यांना ओळखतोसच.

आणि घरात काहीही पडलं नाही, दादा. एक वाटी नाही. खुर्चीत बसून राहिले असते तर वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणाले असते, "हललं काय गं?"

शाळाशाळांत जाऊन मुलांना मी सांगायचे, पळू नका, जिन्यात जाऊ नका. माझ्याच बापाला नेमकं उलटं सांगितलं. घाबरले होते म्हणून. आणि ते माझा शब्द मानायचे म्हणून.

बाबांच्या फोनवर माझा नंबर उमटलेला तू पाहिला होतास. म्हणजे विचारलंस तेव्हा तुला उत्तर ठाऊक होतं. तरी विचारलंस, मी खोटं बोलते का ते बघायला. मी बोलले. त्याची शिक्षा तू मला दिलीस ती दिलीस. आईला यातलं काहीही सांगितलं नाहीस, हेही मला कळतं. त्याबद्दल तुझे उपकार मानावेत की तुला शिव्या द्याव्यात, सहा वर्षांत ठरत नाही.

आता तुला हवं होतं ते मिळालं. सही कर.

२ एप्रिल

दादा,

पाकीट मिळालं.

सही नाही. त्याऐवजी तीन मोठे आराखडे आणि तुझं चार ओळींचं टिपण. "सोसायटीच्या आराखड्यावर सही करणार नाही. आधार फक्त रस्त्याच्या बाजूला घातले तर ती बाजू ताठ होईल, मागची मोकळी राहील आणि इमारत हलताना पिळली जाईल. मागचे खांब आधी जातील. सोबतचा आराखडा वापरा: पुढे दोन, मागे दोन, काँक्रीटच्या भिंती, पायापासून."

बरोबर आहे. ओळ वाचली आणि मला कळलं. मला लाटा कळतात, इमारती कळत नाहीत. सोसायटीने मागची बाजू मोकळी ठेवली ती गाड्या आतबाहेर करायला, आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण मला काहीतरी झालेलं हवं होतं. ज्या आराखड्यासाठी मी एकोणीस दारांवर उभी राहिले, तो आईच्या मुळावर येणारा होता. दुसऱ्यांदा, दादा. दुसऱ्यांदा मी माझ्या माणसांना चुकीच्या दिशेला पळवत होते. आईचं घर मागच्या बाजूला आहे.

मग मी आराखड्याच्या कोपऱ्यातली तारीख बघितली.

पंचवीस जानेवारी.

मी मोजले. सदुसष्ट दिवस. माझं पहिलं पत्र पोचल्या पोचल्या तू बसून हे सगळं काढलंस. खांबनखांब, सळीनसळी. आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंस. आईने दर रविवारी विचारलं, तू "बघतो" म्हणालास. मधे चार पूर्णांक सातचा येऊन गेला, खांबांना चिरा गेल्या, आणि कागद तुझ्या ड्रॉवरमध्ये. मी कबुली दिली तेव्हा ड्रॉवर उघडला. कशाची वाट बघत होतास? माझं नाक जमिनीला घासलं जाण्याची? त्या सदुसष्ट दिवसांत कुठल्याही दिवशी मोठा आला असता तर तू काय केलं असतंस? आराखडा चितेवर ठेवला असतास?

माझ्याजवळ अठरा सेकंद होते आणि मी चुकीचं बोलले. तुझ्याजवळ सदुसष्ट दिवस होते, बरोबर काय ते माहीत होतं, आणि तू बोलला नाहीस. मी सहा वर्षं स्वतःला खुनी म्हणते आहे. तू तुझ्या टेबलाशी बसून स्वतःला काय म्हणवून घेतलंस? तत्त्वाचा माणूस?

मी थरथरते आहे. हे माझ्या यंत्रांवर उमटत असेल.

२० एप्रिल

दादा,

काल सभा झाली. तुझा आराखडा भिंतीवर चिकटवला. मागच्या भिंतींमुळे सहा गाड्यांची जागा जाते, त्यातली एक सेक्रेटरींची.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, जानेवारीत तुम्ही म्हणालात आधार घाला, आम्ही मान डोलावली. आता म्हणता भिंती घाला. जूनमध्ये म्हणाल, इमारत उचलून तिकडे ठेवा."

कोणीतरी मागून म्हणालं, "आणि गाड्या गच्चीवर!"

खूप हसले सगळे. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "चूक झाली हे कशावरून? तुमच्या भावाचं वेगळं मत असू शकतं. परदेशात बसून बोलायला काय जातं?" मला दिसलं, की हे हसण्यावारी जाणार. जुनाच आराखडा मंजूर होणार आणि मागचे खांब तसेच राहणार.

तेव्हा मी बोलले. आधी ठरवलं नव्हतं. आई पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स. मी म्हटलं, "माझी चूक झाली आहे हे मला ओळखता येतं, कारण मी याआधी एक केली आहे." आणि फोनचं सांगितलं. कोणता वार, किती वाजता, कोणते शब्द. जिन्याचं सांगितलं. म्हटलं, "त्या दिवशी मला अर्धवट माहीत होतं आणि मी खात्रीने ओरडले. जानेवारीत तुमच्या दारात येऊन तेच केलं. माझं ऐकू नका. ज्याने मोजून काढलं आहे त्याचं ऐका."

दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत ना, बाबा ज्यांना सापडले, त्या म्हणाल्या, "मला तुमच्या फोनची घंटा ऐकू आली होती. मग त्यांची पावलं. मी कधी बोलले नाही." मग सेक्रेटरींकडे वळून, "माझी स्कूटर मी रस्त्यावर लावीन. तुमचं बोला."

मतं घेतली. सोळा विरुद्ध चार. डॉक्टरांनी हात वर केला, सेक्रेटरींनी केला नाही. पण निकाल त्यांनीच इतिवृत्तात लिहिला, ठसठशीत अक्षरात.

आई रात्री माझ्याकडे पाठ करून झोपली. आज सकाळी ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी लगेच उचलला होता फोन?"

"दुसऱ्या घंटेला."

"माझा कधी इतक्या पटकन उचलला नाही." मग तिने तवा माझ्यापुढे सरकवला. "आज भांडी तू घास. सगळी. तव्यासकट."

मी घासली. ती मागे उभी राहून कुठे कुठे डाग राहिला ते दाखवत होती. मधेच तिने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. जोरात, लागेल अशी. आणि हात तिथेच ठेवला.

२६ मे

दादा,

तुझं दुसरं पाकीट मिळालं. पुन्हा आकडे. पायाची खोली, सळ्यांचं अंतर, काँक्रीट किती दिवस ओलं ठेवायचं. आणि तळाशी पेनने एक ओळ: "आईला सांगितलंस ते बरं केलंस."

बरं केलंस! शाळेतल्या मास्तरांसारखं. त्या ओळीवर मी दोन दिवस धुमसले. तू काय केलंस ते तू आईला सांगितलंस का? तारखेचं? नाही, मीही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग, तोंडाने, तिच्यासमोर बसून. तिची टपली काय असते ते तुलाही कळू दे.

पाया खणून झाला आहे. काम चालू आहे तोवर आईला, मी रात्रपाळीला राहते त्या वेधशाळेच्या क्वार्टरवर आणलं आहे. तिने दुसऱ्याच दिवशी माझी जड भांडी वरच्या फळीवर चढवली. आम्ही रोज भांडतो. मला बरं वाटतं.

ठेकेदार चांगला आहे पण आळशी. सळ्या बांधताना दोन ठिकाणी अंतर जास्त सोडलं होतं, मी पट्टी लावून पकडलं. म्हणाला, "ताई, दोन बोटांनी काय होतंय?" काय होतं ते मी त्याला इतक्या आवाजात सांगितलं की समोरच्या घराची खिडकी उघडली. पण मी रेघा वाचणारी बाई आहे. मला दिसलं नाही असं कुठेतरी तिसऱ्या ठिकाणी असेलच. काँक्रीट एकदा ओतलं की आत काय आहे ते कोणालाच दिसणार नाही, मोठा धक्का येईपर्यंत.

आई म्हणाली, "त्याला लिही, भिंत पत्रानं उभी राहत नाही."

काँक्रीट ओतायचं ते अठरा जूनला, सकाळी आठ वाजता, मागच्या बाजूपासून. त्याच्या आदल्या दिवशी तू इथे असायला हवंस. प्रत्येक सळी स्वतःच्या हाताने मोजून, आराखड्यावर तुझं नाव आहे त्याखाली सही करायची, मगच गाडी आत घ्यायची, असं मी ठेकेदाराला सांगून ठेवलं आहे. तू आला नाहीस तर काम थांबेल, पाऊस येईल, खड्ड्यात पाणी भरेल. तेही तुझ्या नावावर.

मी तुझ्याशी बोलेन की नाही, मला माहीत नाही. सळ्या मोजायला वर चढशील तेव्हा शिडी मी धरीन.